दूध उतू जातं गं शकू

मोहोपाडा
ता. ५ मार्च

संजना,

इथं सगळं ठीक, तुझंही ठीक असेल. आता सांग, लग्नात गायच्या धवल्यात माझं नाव घालायला तुला कोणी सांगितलं? वापीतल्या त्या हळदीचा व्हिडिओ तू टाकलास, इथं गावभर फिरला. सोमी नळावर मला बघून गाते, "दूध उतू जातं गं शकू." मी हंडा तिथंच आपटला.

अगं, ती धवल्यातली ओळ नाय. माझी आई तुला फोनवर शिकवायची तेव्हा मी दूध गॅसवर ठेवून अंगणात जायची. धवला एकदा धरला की मधे तोडायचा नाय, ही तिची शिस्त. मांडवात कोणाला पाणी पायजे, कोणाचं पोर रडतंय, माझं दूध उतू जातंय, सगळं ती चालीतच सांगायची आणि लगेच पुढची ओळ धरायची. इथल्या बायांना बरोबर कळायचं, देवाचं कुठलं नि घरचं कुठलं. तू वापीत वाढलीस, तू दोन्ही पाठ केलंस. आणि तिथल्या बायांनी त्याचा अर्थ पण लावला म्हणे, घर भरून वाहू दे. कपाळ माझं. ते दूध खरंच उतू गेलं होतं नि तुझ्या आजीनं दिवसभर मला बोल लावला होता.

बाकी म्हणतेस बरं. पण हळदीच्या ओळीत मधेच का थांबतेस? आजीला दम लागायचा म्हणून ती थांबायची. तुला काय झालंय?

जितेशचं लग्न ठरलं, मे महिन्यात. मी त्याला म्हटलं, धवला म्हणायला धवलारीण बघायला पायजे. तर म्हणतो, "आये, आता कुठं मिळतेय? डीजेवाल्याला सांगतो, मोबाइलवरचा धवला लाव."

मी म्हटलं, "मग नवरी पण मोबाइलवरच आण."

मग म्हणतो, "तूच म्हण ना. जन्मभर आजीच्या बाजूला बसलीस."

त्याला काय सांगू? तुला सांगते, तुझ्यापाशीच ठेव. मला सुरुवात येत नाय. आई ओळ टाकायची, मी तीच मागून ओढायची. लहानपणापासून तेच. तिनं टाकली की पुढचं सगळं आपोआप तोंडात यायचं. ती गेल्यापासून किती वेळा करून बघितलं. भांडी घासताना, तांदूळ निवडताना. पहिला शब्दच सापडत नाय.

तुझा व्हिडिओ नीट बघितला. तू एक ओळ टाकतेस आणि तीच पुन्हा एकटीच ओढतेस. तिथं तुझ्यामागं म्हणणारं कोणी नाय. बाया सगळ्या फोन धरून उभ्या. मला राग आला त्यांचा. मग मी इथनं ओढली. तू टाकलीस, मी ओढली, पार शेवटपर्यंत. जितेश कंपनीत होता, घरात कोणी नव्हतं. कोणाला बोलू नकोस.

आणि ती दुधाची ओळ. सोमी म्हणते ती टोमणा मारायला. पण घरात आता मला शकू म्हणणारं कोणी उरलं नाय. जितेश आये म्हणतो, गाव जितेशची आई म्हणतं. तुझ्या त्या ओळीत आई मला हाक मारते, अगदी तिच्याच चालीत. काढू नकोस. आमच्या मांडवात म्हणायची की नाय ते तू आल्यावर बघू.

तुझी आई नको म्हणेल. छायाला मांडवात बसून गाणं पहिल्यापासून कमीपणाचं वाटतं. तिला माझं नाव सांग नि निघ. तुझं मराठी गुजराती वळणाचं हाय म्हणून लाजू नकोस, धवल्यात ते ऐकू येत नाय. मी तुझ्या बाजूलाच बसेन. तू फक्त टाक.

पाडव्याला पोरीकडची माणसं हळदीचं ठरवायला येतात. त्यांना तोंडावर सांगायचंय मला, आमची धवलारीण घरची हाय. तेव्हा पाडव्याच्या आत कळव, येतेस का नाय. फोन करू नकोस. फोनवर तू "बघते मावशी" म्हणतेस आणि मला गोड बोलावं लागतं. कागदावर लिही, हो किंवा नाय.

आशीर्वाद उत्तर आल्यावर.

शकूमावशी