अश्वजितच्या पेशी

डॉक्टरसाहेब,

माझ्या अश्वजितच्या हाडाच्या कॅन्सरचा तुकडा संशोधनासाठी मीच तुम्हाला दिला. लेक गेला, पण त्या तुकड्यातल्या पेशी तुमच्या लातूरच्या प्रयोगशाळेत अजून जगतात. हे सासूबाईंना सांगितलं आणि फसले. तो जाऊन वर्ष झालं, तर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्या बसायलाच तयार होईनात.

"तिथं जिता हाय म्हणतीस, अन् इथं पुण्यानुमोदन करून राहिलीस?"

"आत्याबाई, तो अश्वजित नाही. त्याला मारणारा रोग आहे."

"रोग असंना. त्याच्याच हाडातला हाय की."

मी बी.एस्सी. झालेली बाई. चारचौघांत त्यांना गप्प बसवलं. बुद्धवंदनेला मात्र माझा आवाज फुटला नाही.

काल तुम्ही फोनवर विचारलंत, थोड्याच पेशी उरल्यात, नवं औषध त्यांच्यावर वापरू का? उद्या मी हो म्हणेन. एकही पेशी वाचू नये आणि कुणाचं तरी लेकरू वाचावं. फोनवर एवढंच बोलता येईल. पुढचं बोलता येणार नाही, म्हणून इथं लिहिते.

सगळ्या पेशी मेल्या, तर खुशाल छापा, जगाला कळू द्या. मला कळवू नका.

अश्वजितची आई,
रेणुका
नायगाव