विशेष आभार

६ मे, सोमवार
आले एकदाची कापडण्याला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मला इंजिनाची शिट्टी ऐकू आली नाही की काहीतरी विसरल्यासारखं वाटतं, पण घर छान आहे. पेशंट म्हणजे जीवराम आबा, वय बासष्ट. डावी बाजू गेलेली, बोलणं जड, नजर मात्र तरतरीत. काबुलजवळ एका कंपनीत पोकलेन चालवायचे. एकवीस साली तिथलं सरकार कोसळलं तेव्हा कसेबसे परतले. त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही. पहिल्याच जेवणाला त्यांनी मला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी खायला लावल्या. चौथीच्या वेळी मी ताट घेऊन पळाले. दोन महिन्यांची ड्युटी आहे, नर्सबाई जाड होऊन परतणार.

८ मे
ऊन पंचेचाळीसचं. दुपारी अख्खं गाव झोपतं आणि मला झोप येत नाही, म्हणून ही डायरी. आबांची खाट अंगणात असते. वर सावलीला जुना फ्लेक्स बांधलाय, छापील बाजू खाली, त्यामुळे पडल्या पडल्या वाचता येतो. 'काबुलहून सुखरूप परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध हार घातलेले आबा. त्याखाली 'विशेष आभार' आणि पाच गोल. चार गोल कोरे, नुसती नावं-गावं उरलीत. पाचव्यात नजीब, गाव चारीकार. दाढीवाला, हसरा, पुढचा एक दात तुटका. उन्हाने रंग उडाला म्हणावं, तर आबांच्या हारातली फुलं अजून लालभडक आहेत. असेल काहीतरी.

आबा सकाळी डोळे उघडले की एकच विचारतात, "नजीब शे का?" मी वर बघून सांगते, आहे हो, कुठे जातोय तो. मगच गोळी घेतात.

अक्का दुपारी खाटेच्या पायथ्याशी पाण्याचे चार ग्लास भरून ठेवतात. पाहुण्यांसाठी, म्हणाल्या. चार वाजता ग्लास कोरडे. मी म्हटलं, अक्का, ऊन पाणी पितंय. त्या हसल्या नाहीत.

९ मे
कंटाळा, कंटाळा. फ्लेक्सखाली सेल्फी काढला. मी, आबा, वर नजीब, त्याचं नाव-गाव नीट वाचता येईल असा. 'आमचे आबा आणि त्यांचा काबुली दोस्त' असं लिहून स्टेटसला ठेवला. अक्कांचा पुतण्या हितेंद्र, ज्याला फ्लेक्स लावायला कसलंही निमित्त पुरतं, त्याने तो लगेच माझ्या नावागावासकट तीन ग्रुपवर टाकला. दुपार बरी गेली.

१० मे, शुक्रवार
दोन वाजता आबांच्या फोनवर नजीबचा आवाजाचा निरोप आला. दर शुक्रवारी याच वेळी येतो म्हणे. मी लावून दिला. "जीवराम भाई, मैं हूं. बच्चियां ठीक हैं." बस, एवढंच. आपल्या सासू-सुनांच्या मालिका बघून शिकलेलं त्याचं हिंदी. आबा तो निरोप सात वेळा ऐकून रडले.

मग अक्कांनी सगळं सांगितलं. काबुल पडलं तेव्हा या पाच जणांनी आबांना तीन दिवस घरात लपवलं, आणि नजीबने विमानतळाच्या फाटकापर्यंत पोचवलं. आबा आले आणि घरच्यांनी आपल्याकडे करतात तेच केलं. उपकार कसे फेडायचे, तर चौकात फ्लेक्स लावून. फोटो आबांनीच दिले, नावं-गावंही त्यांनीच सांगितली, एकही राहायला नको म्हणून. त्या फ्लेक्सचा फोटो फोनाफोनांतून फिरत तिकडे पोचला. मग, परक्याला लपवलं म्हणून, भर दुपारी त्यांच्या दाराशी पांढरी गाडी थांबायची, कोणीतरी नाव आणि गाव मोठ्याने वाचायचं, माणूस बाहेर यायचा. परत आला नाही एकही. तिकडे एक गेला की इकडे एक गोल कोरा. चौथ्याच्या वेळी आबांचं अंग गेलं. फ्लेक्स काढू देत नाहीत, कारण नजीब दिसतोय तोवर तो जिवंत आहे. बायको आणि दोन मुलींना घेऊन कुठेतरी लपलाय.

मी स्टेटस काढून टाकला. हितेंद्रला फोन केला. तो खुशीत होता. म्हणाला, ताई, दुबईच्या पोरांनीपण पुढे पाठवलाय.

आबांना काही सांगितलं नाही. माझी हिंमत नाही.

१३ मे
एका जागी बसवत नाही. बीपी दोनदा घेतला, दोन्ही वेळा आकडा विसरले. दर दहा मिनिटांनी वर बघते. आहे. दात तुटका. आहे.

१७ मे, शुक्रवार
दोन वाजले. तीन. पाच. फोन मांडीवर घेऊन बसले. आबा माझ्याकडे बघतायत, फोनकडे नाही.
निरोप आला नाही.

१८ मे
कोरा.
आबांनी विचारलं. मी वर न बघता खोटं बोलले, आहे म्हटलं. आबा हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील. म्हणाले, "नजीब उना. पानी दे त्याले." नजीब आला, म्हणे.
अक्कांनी काही न विचारता पाचवा ग्लास भरला.
तोंडात पदर कोंबून रडत होत्या.
मी आबांच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "माले माहीत शे. त्यानीच सांगं." मग उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवून, "मी बी तेच करं, माय." फ्लेक्ससाठी फोटो त्यांनीच तर दिले होते.
त्या दोन मुलींचं काय झालं असेल —

१९ मे
पाचव्या गोलात कोणीतरी आहे. आधी वाटलं नजीब. देवाची शपथ, आनंदाने ओरडले.
माझा सेल्फी आहे. तेच दात काढून हसणं.
खाली लाल अक्षरांत 'कामिनी, भुसावळ'.
विळीने कापायला गेले. चीर पडत नाही. बॅग भरली. दुपारची बस —
फाट्यावर पोचले. तिथे पांढरी गाडी उभी होती. नंबरपाटी नव्हती. परत पळत आले.

२० मे
दुपार. गाव झोपलंय.
आबा पहिल्यांदाच दुसरं नाव घेऊन विचारत होते — "कामिनी शे का?" — मी समोर असून —
गाडी थांबली. दाराशीच. इंजिन चालू.
अक्का ग्लास भरतायत. मोजले. सहा.
कोणीतरी वाचतंय. अडखळत, अक्षर लावत. मी उठणार नाही. खाटेचा पाय घट्ट धरलाय, एका हाताने लिहितेय, उठणार नाही —
भुसावळ म्हणाले.
मी उठत नाहीये, आई शप्पथ, पण पाय —