शंभर किलोमीटर सायकलवरून

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

आधी खुर्चीत नीट बस, मग पुढे वाच. मी ठणठणीत आहे. रविवारी मी शंभर किलोमीटर सायकल चालवली! होय, मीच, ज्याला तू जिनासुद्धा एकट्याला उतरू दिला नाहीस.

माझ्यासारखं ज्यांचं रक्त लवकर थांबत नाही, त्यांच्या इंजेक्शनांसाठी निधी जमवायची ही फेरी होती. निघण्याआधी मी माझं इंजेक्शन घेतलं होतं. मागच्या गाडीत नर्सबाई होत्या, तेव्हा जीव टांगणीला लावू नकोस.

सत्तराव्या किलोमीटरला खडीवरून चाक घसरलं आणि गुडघा जरासा आपटला. सांगणार नव्हतो, पण तुझ्यापासून काही लपत नाही. नर्सबाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं, बर्फ लावला आणि तासभर बसवून ठेवलं. "सूज दिसली तर मुकाट्यानं गाडीत बसायचं," त्या म्हणाल्या. सूज आली नाही. मी शेवटून दुसरा आलो, पण सायकलवरूनच आलो.

बाबांची कंबर कशी आहे? त्यांना हे जेवण झाल्यावर सांग.

फेरी संपली तिथे एक बाई भेटल्या. त्यांच्या मुलालाही हाच आजार आहे. "तुमच्या आईनं तुम्हाला सोडलं कसं?" त्यांनी विचारलं.

"तिला अजून सांगितलेलंच नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "माझ्याकडूनच गेला हो हा आजार त्याला," म्हणाल्या. अगदी तुझेच शब्द.

मी त्यांना तुझा पत्ता दिला आहे. मुलाला सायकल घेऊन द्यावी का, असं त्या तुला विचारणार आहेत. उत्तर तूच दे.

तुझं शेंडेफळ