बांधलेली पिशवी

सोलापूर, सोमवार

प्रिय अभिमन्यू,

प्रभूमध्ये सलाम. फोनवर तू दोन वाक्यांत गप्प होतोस आणि मग मीच बडबडत राहते, म्हणून हे कागदावर. आधी तुझं काम सांगते. चर्चमधलं पाळकाचं काम सोडायचं आहे, चिंचोळीच्या एमआयडीसीत जागा असली तर बघ म्हणाला होतास. शेजारच्या बंदेनवाजभाईंना विचारलं. त्यांच्या कारखान्यात स्टोअरला माणूस हवा आहे आणि तुझ्यासाठी ते शब्द टाकायला तयार आहेत. झालं तुझं काम. आता माझं ऐक.

आपल्याकडे पंधरा दिवसांपूर्वी कापणीचा सण झाला. पाळकसाहेब तापाने आडवे, म्हणून उपासनेत उभं राहून संदेश द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून मलमपट्ट्या केल्या. चर्चमध्ये माझं तोंड उघडतं ते गाण्यापुरतं. पण एकदा हो म्हटल्यावर माघार कसली? आठवडाभर बसून पानंच्या पानं लिहिली. कसली भारी वाक्यं होती म्हणून सांगू! मीच वाचायची आणि मीच खूश व्हायची. ती पानं कापडी पिशवीत घातली, चर्चमध्ये पोचल्यावर चहाच्या वाफेने धुरकटायला नको म्हणून चष्माही आत टाकला, तोंडाला गाठ मारली आणि पिशवी मेजावर ठेवून चहाचं बघायला गेले. ठेवली ती नेमकी लोकांनी देवाला वाहिलेल्या भोपळ्यांच्या आणि शेंगांच्या पिशव्यांच्या मधे. आपली रीत तुला ठाऊकच आहे. वाहिलेली पिशवी उघडून बघायची नाही, बांधलेलीच लिलावात पुकारायची. वळसंगच्या लोकांना एसटी गाठायची होती म्हणून यंदा लिलाव संदेशाच्या आधी झाला. शिवप्पाकाकांच्या हाताला पिशवी हलकी लागली, त्यांनी ती सुकी मिरची म्हणून पुकारली. वळसंगच्या चन्नवीरने ती चढ्या बोलीने घेतली आणि तो एसटीने निघूनही गेला.

मला हे कळलं तेव्हा संदेशाआधीचं गाणं संपत आलं होतं. पाळकसाहेबांचा ताप मलाही चढावा असं वाटलं. उभी राहिले तर समोर सगळं धुरकट. चष्म्याशिवाय मला माणूस कुठला आणि खांब कुठला ते कळत नाही, तुला माहीत आहे. मनात म्हटलं, प्रभू, माझ्याकडचं होतं नव्हतं ते वळसंगच्या गाडीत गेलं, आता तूच बघ. आणि तोंडातून जे निघालं ते त्या पानांत कुठेच नव्हतं. तुझे पप्पा गेले त्या वर्षाबद्दल मी बोलले. मला प्रार्थना येईना, डोळे मिटले की नुसता राग यायचा, आणि चर्चमधली काशम्मा रोज भाकरी घेऊन यायची अन् माझ्या वाटची प्रार्थना करून जायची, ते सांगितलं. तेव्हा देव मला दिसत नव्हता, भाकरी दिसत होती, एवढं म्हटलं आणि खाली बसले. वाटलं, झाली शोभा.

जेवणाच्या पंगतीत निंगव्वा शेजारी येऊन बसली. तरणा मुलगा गेल्यापासून ती चर्चला येते, पण कुणाशी बोलत नाही. माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, मला बी प्रार्थना येत न्हाय. वाटायचं, मीच एकटी अशी हाय." मग पोटभर रडली आणि पोटभर जेवली. आता रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जाते. भाकरी ती करते, प्रार्थना मी करते. तिला येईल तेव्हा ती करेल. मला फार बरं वाटतंय रे, बऱ्याच दिवसांनी. चन्नवीरने पिशवी परत आणून दिली, आत खरोखरच्या मिरच्या घालून. पानं मी पुन्हा वाचली. वाक्यं अजूनही छान आहेत, पण निंगव्वासाठी त्यांत काही नव्हतं.

हे सगळं का लिहिलं ते तू ओळखलं असशील. बार्शीच्या नव्या मंडळीसमोर पहिल्याच रविवारी संदेश देताना तू मध्येच अडखळलास, खाली उतरलास आणि मला म्हणालास की आई, माझ्यात ते नाही. मी तेव्हा समजूत काढली होती, आता काढत नाही. तुझ्यात ते नाहीच. माझ्यातही नव्हतं. ज्याचं आहे तो देतो, आणि हात रिकामा असला की घेता येतं. कारखान्यात गेलास तरी तू माझाच लेक, त्यात काही कमीपणा नाही. बंदेनवाजभाईंना मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. फक्त या रविवारी एकदा उभा राहा. मी सकाळच्या बार्शी गाडीने येते आहे. शेवटच्या बाकावर बसेन आणि चष्मा काढून पिशवीत ठेवेन. तुला घाम फुटला, हात थरथरले, तरी मला काही दिसायचं नाही. आवाज तेवढा येईल, आणि तो मी तू जन्मल्यापासून ओळखते.

तुझीच,
आई