कांद्याची सालं आणि टँकरचं पाणी

सोम., ६ एप्रिल
मार्केट यार्डातून कांद्याची सालं आणली, दोन पोती. गाळेवाला म्हणतो, "आजी, कांदा कधी घेणार?" आजी म्हणे. स्वतःचे केस रंगवत नाही एवढंच.
संध्याकाळी कोथरूडहून ऋचा आली. मे महिन्यात तिचं लग्न. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारखे कुर्ते हवेत, हातमागाचे. "केमिकल अजिबात नको हं काकू." मोबाइलवर फोटो दाखवला, मधासारखा पिवळा. होईल म्हटलं. धाकट्या जावेने, मंगलने, माझ्याकडे बघितलं. बघू दे. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. जमली तर हा गच्चीवरचा उद्योग, नाहीतर ह्यांच्या भाषेत 'कांदा-प्रकल्प'.

बुध., ८ एप्रिल
अर्धे कुर्ते झाले. हिरडा, तुरटी, मग सालांचं उकळलेलं पाणी. रंग असा आलाय की... नको, दृष्ट लागेल.
मंगल शिवते, मी रंगवते. "जावा-जावांचा धंदा? दिवाळीपर्यंत बघू," नणंदबाई म्हणाल्या होत्या. दोन दिवाळ्या झाल्या.
उरलेलं पाणी कढीपत्त्याला. माजलाय नुसता.

शुक्र., १० एप्रिल
काल गुरुवार, नळाला पाणी नाही. सोसायटीने टँकर मागवला. मी उत्साहात उरलेले कुर्ते त्याच पाण्यात रंगवले. सकाळी दोरीवर बघते तर सगळे शेवाळी. सालं तीच, हिरडा तोच. टँकर बोअरचा, त्यात लोह असणार, आणि हिरड्याला लोह लागलं की रंग काळवंडतो. हे मी लोकांना शिकवते. धन्य.
हे वर येऊन बघून गेले. "छान आहे. लग्न नक्की आहे ना?" चहा दिला नाही.

शनि., ११ एप्रिल
विणकर म्हणतो, नवीन कापडाला महिना. तोवर लग्न होऊन जाईल.
दुपारी मंगलला म्हटलं, ब्लीच करू, वर पाकिटातला पिवळा मारू, कुणाला कळणार आहे. रागात म्हटलं, पण म्हटलं. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "चालेल ताई. चिठ्ठीवर काय लिहू?" प्रत्येक कुर्त्याला तिच्या हातची चिठ्ठी असते, कशाने रंगवला त्याची. "पिवळा काय, कुठेही मिळतो. ती पोरगी त्यासाठी बिबवेवाडीपर्यंत आली नव्हती."
मग ऋचाला फोन केला. सगळं सांगून टाकलं.

रवि., १२ एप्रिल
ऋचा आली. दोरीवरचे कुर्ते एकेक उलटून बघितले. मग, "फक्त पाण्याने एवढं?" शेवाळी अंगाला लावून फोटो काढले, दोन्ही रंगांचा एकेक घेऊन गेली. "आईला दाखवते. आईला एकसारखेच हवेत, तुम्हाला माहितीये ना."
चेहऱ्यावरून काही कळेना. कुर्ते परत आले तर विणकराला पुढचं काम कुठल्या तोंडाने सांगणार. फार वाईट वाटलं आज. जेवण गेलं नाही.

मंगळ., १४ एप्रिल
जयंती. सकाळी पुतळ्याला हार घालून आलो. मी पांढऱ्या साडीत. मंगलचा जुना पांढरा कुर्ता टँकरच्या दिवशी त्याच पाण्यात बुडवला होता, तो ही बया मुद्दाम घालून आली. रांगेत तिघींनी विचारलं कुठून घेतला. माझ्याकडे बघून हसत होती. मलाही हसू आलं, शेवटी.
दुपारी ऋचाचा मेसेज: "काकू, आजीने शेवाळी पटकावलाय, काढायला तयार नाही. आई पिवळ्यावर अडून बसलीये. आज सगळ्या मावश्या जमणार आहेत. ठरलं की सांगते."
मंगलने लगेच चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. म्हटलं, अगं थांब, ठरू तर दे. ऐकते कुठे. कांद्याची सालं, हिरडा, तुरटी, आणि त्याखाली तितक्याच ठसठशीत अक्षरात: टँकरचं पाणी.