आत्याबाई पास झाल्या

प्रिय बारक्या,

फोनवर तू नेहमी घाईत आणि मी नेहमी दमलेली, त्यामुळे आपलं बोलणं ‘बरं आहे ना सगळं?’च्या पुढे जातच नाही. आज मला सुट्टी आहे. जेवणं आटोपून आई-बाबा आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. आईचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती फक्त मी समोर असले की करते. बाबांची तब्येत ठणठणीत, निदान ते स्वतः तसं सांगतात. माझं म्हणशील तर हल्ली घरी आले की चपला काढायचाही कंटाळा येतो. दिवसभर खड्ड्यात उभं राहून डोक्यावरच्या गाड्यांची पोटं बघायची, मान दुखून येते. वय झालं बहुतेक माझंही.

तपासणी केंद्रावर सध्या जुन्या गाड्यांचं पासिंग चालू आहे. वर्षातले हे दिवस मला नको वाटतात. नव्या गाडीचं सोपं असतं, यंत्र आकडा दाखवतं, आपण शिक्का मारतो. जुनी गाडी म्हणजे मालकाचा जीव की प्राण. परवा एकजण अशी चकचकीत गाडी घेऊन आला की आरशासारखं तोंड बघावं. खालून हातोडी मारली तर चेसिसचा, गाडीच्या सांगाड्याचाच पापुद्रा हातात आला. नव्या रंगाखाली नुसता गंज. तो माणूस माझ्यासमोर रडला रे. आणि त्याच्या मागे उभी असलेली खटारा गाडी, दार दोरीने बांधलेलं, ती ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंत सगळ्यात पास. शिवाय आमच्याकडेही दोन माणसांचं एकमत होईल तर शपथ. माझ्या जोडीदाराला आम्ही ‘ठोक्या’ म्हणतो, कारण तो प्रत्येक गाडी ठोकून, कान लावून बघतो. त्याने पास केलेली एखादी मी परत पाठवते, मी पास केलेलीवर तो नाक मुरडतो. हे सगळं मी घरी जेवताना हसत हसत सांगायची. बाबा ते नीट लक्षात ठेवतायत हे मला कुठे माहीत होतं!

तर आपल्या आत्याबाई. तू गेल्यापासून बाबांनी त्या गाडीचं जे कौतुक चालवलंय ते बघायला हवंस. औषधांचं दुकान बंद केल्यावर त्यांना दुसरं काय होतं? रोज सकाळी फडकं मारायचं, बॉनेट उघडून वास घ्यायचा, ‘आज आत्याबाई रुसल्यात’ म्हणून आईला बातमी द्यायची. आईला शेजारी बसवून बाजारात न्यायचं, आणायचं. यंदा पासिंगला ती आमच्याच केंद्रावर आली. घरची गाडी मी तपासायची नाही असा नियम आहे, म्हणून ठोक्याने तपासली. मी लांबून बघत होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जुन्या गाड्यांच्या खोडी मालकालाच ठाऊक, म्हणून त्या आम्ही मालकालाच चालवायला लावतो. ब्रेक उत्तम, दिवे उत्तम, चेसिसला गंजाचा ठिपका नाही. ठोक्या माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझ्या बाबांनी गाडी नाही, पोर सांभाळलंय.” मला भरून आलं.

मग तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला, थांबा म्हणून. बाबा थांबले नाहीत. गाडीने एकदम उडी घेतली. ठोक्या बाजूला पडला म्हणून वाचला, कोपर तेवढं सोलवटलं. आत्याबाई जुन्या टायरांच्या ढिगात घुसल्या आणि बंद पडल्या. मी धावले. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि उजवा पाय अजूनही ॲक्सिलरेटरवर घट्ट दाबलेला. मला म्हणाले, “ब्रेक लागत नाहीये गं, बघ ना.” मीच वाकून त्यांचा पाय उचलला.

पासिंग अर्धवटच राहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं, ॲक्सिलरेटरचं पेडल चिकटतं. “तुमच्या एवढ्या तपासणीत हे कळलं नाही?” म्हणाले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरले. पेडल काढलं, केबल काढली, स्प्रिंग बदलून पाहिली, पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. बारक्या, इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण गाडीत दोष सापडू दे म्हणून देवाची विनवणी पहिल्यांदाच केली. काहीसुद्धा सापडलं नाही. लोण्यासारखं चालत होतं सगळं.

क्षणभर वाटलं, खोटं सांगून टाकावं. चेसिस गेलंय म्हणावं, संपला विषय. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता. चार दिवस हळहळले असते आणि महिन्याभरात दुसरी एखादी गाडी दारात आणून उभी केली असती. आणि खरं सांगू, जीभ वळलीच नाही. मी बाहेर आले आणि म्हणाले, “बाबा, गाडी चांगली आहे. पाय चुकला तुमचा.” फडकं झटकत ते म्हणाले, “तूच सांगतेस ना, दोन इन्स्पेक्टरांचं एकमत होत नाही म्हणून? मग तुझंच खरं कशावरून?”

मी आईकडे गेले. वाटलं, ती तरी समजावेल. ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी असते की शेजारी. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, सगळं मीच सांगते ह्यांना.” मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, “आता ते कुठे लक्षात ठेवू?” गुडघा इतका दुखत असताना ही रोज बाजारात का जाते, ते तेव्हा कळलं मला. तिच्या हातातली भाजी घेतली आणि निवडायला लागले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मागच्या आठवड्यात तू बाबांना फोनवर म्हणालास, “ताईच्या केंद्राचं काय एवढं, दुसरीकडे दाखवा.” त्यांना बरं वाटावं म्हणून बोललास, मला कळतं. पण त्यांनी खरंच दुसऱ्या केंद्रावर वेळ घेतली आहे, पुढच्या महिन्यात. आणि तिथे काय होणार ते मला आत्ताच माहीत आहे. गाडी पास होईल. व्हायलाच हवी, चांगली आहे ती. मग तो कागद नाचवत बाबा आईला शेजारी बसवतील आणि निघतील, आणि मला बोलायला तोंड उरणार नाही. माझं ते आता ऐकत नाहीत, मी त्यांच्यासाठी फक्त दुसरं मत आहे. तुझं ऐकतील. तेव्हा रजा काढ आणि त्याआधी ये. त्यांना मोकळ्या मैदानावर ने, शेजारी आईच्या जागेवर बस, आणि लाल-हिरवं, थांबा-निघा काहीही सांगू नकोस. जे दिसेल ते मग तुझ्या तोंडाने सांग त्यांना. गाडी मी तपासली रे. बाबांना तपासणं माझ्याच्याने एकटीच्याने होत नाही.

वाट बघतेय,

तुझीच,
ताई