मास्टरच्या बायकोचं काम

ली-ऑन-सी,
मे महिन्यातला रविवार

प्रिय मॉयरा,

गेल्या आठवड्यातल्या मेजवानीनंतर आपण दोघी खाली आपापले कोट घ्यायला उभ्या होतो, तेव्हा तू मला विचारलंस, "हेझल, खरं सांग, मास्टरच्या बायकोला नेमकं करावं तरी काय लागतं गं?" मी म्हटलं, "हसायचं, आणि बूट चावताहेत हे कुणाला कळू द्यायचं नाही." तू हसलीस, पण जाताना माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवलास. तेवढ्यावरून मला कळलं की माझ्या उत्तराने तुझं काही समाधान झालेलं नाही. आपल्या शिडं शिवणाऱ्यांच्या या जुन्या संघात, गिल्डमध्ये, रीत अशी, की मावळत्या मास्टरच्या बायकोने येणाऱ्या मास्टरच्या बायकोला ऑक्टोबरात चहाला बोलवायचं आणि चार उपयोगाच्या गोष्टी कानात घालायच्या. तुझा लायोनेल मास्टर होऊन वर्षभरासाठी गिल्डच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसायला ऑक्टोबर उजाडणार, मग ही बाई मे महिन्यातच एवढं पत्र का खरडत बसली आहे, असं तुला वाटेल. आधी काम सांगते, मग कारण सांगते.

मला चहाला बोलावलं होतं ऑड्रे क्लेव्हर्डनने. तुला ऑड्रे माहीत आहे. पाठ अशी ताठ, की खुर्चीला पाठ असते हे तिला कुणी कधी सांगितलंच नसावं. तिने मला सांगितलं की पर्समध्ये सेफ्टी पिना ठेव, पातळ काकडीची सँडविचेस घे कारण ती तोंडात असताना बोलता येतं, आणि राणीच्या नावाने प्याला उचलेपर्यंत टेबलावरून कुणालाही उठता येत नाही, तेव्हा पाणी बेताने पी. माझे वडील इथल्या धक्क्यावर तिसऱ्यांचे शिंपले उकडून विकायचे, आणि त्या बाईला तो वास माझ्या केसांना अजून येत असणार याची मला खात्री होती. नंतर माझा रोलंड मास्टर झाला त्या समारंभात तिने मास्टरच्या बायकोचं पदक आपल्या गळ्याजवळून काढून माझ्या ड्रेसवर लावलं, आणि लावता लावता हलकेच म्हणाली, "नावं त्याला आठवत नसतातच, हेझल. कुठल्याच मास्टरला नसतात. डाव्या हाताला उभी राहा आणि पुटपुटत जा." तिला बिचारीला काय ठाऊक की ती कुणाला काय सांगते आहे!

कारण रोलंडचं विसरणं तोवर सुरू झालं होतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यातच. शिडांच्या कारखान्यात तळहाताला चामड्याची पट्टी बांधून तो शिवत बसलेला असायचा, हात झरझर चाललेले असायचे, आणि मी चहा घेऊन गेले की विचारायचा, "हे कुणासाठी शिवतोय मी?" आधी वाटलं, वय झालं. मग डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि आम्ही दोघं आगगाडीने घरी आलो. मॉयरा, आपल्या गिल्डमध्ये आता वकील आहेत, विमेवाले आहेत, तुझा लायोनेल दातांचा डॉक्टर आहे. सुईदोरा धरून पोट भरणारा माणूस या खुर्चीत कित्येक वर्षांनी बसणार होता. पोरवयात तो गिल्डच्या हॉलमध्ये शिकाऊ म्हणून नाव लावायला आला, तेव्हापासून ती खुर्ची त्याच्या मनात होती. 'नको' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. माझं मागणं एवढंच होतं, की हे एक वर्ष निभावून जावं आणि माझ्या नवऱ्याला कुणी हसू नये.

तर काम असं असतं. जिन्याच्या वर चोपदार उभा राहतो, काठी आपटतो आणि पाहुण्यांची नावं ओरडतो. पण पाहुणा मास्टरपाशी पोचेपर्यंत ते नाव हवेत विरून गेलेलं असतं. मग मी. "सुतारांच्या गिल्डचे मास्टर, मुलीचं लग्न झालंय." "काळा चष्मा, तो बँकेतला, त्याला बोटीचं विचार." ओठ न हलवता. इतर बायकाही हे करतात, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. पुढे पुढे मला नावांच्या जोडीला बाकीचंही सांगावं लागलं, की आपण आत्ता कुठे आलोय, जेवण झालंय की व्हायचंय, हा चर्चमधला कार्यक्रम आहे की शाळेतला बक्षीस समारंभ. वृद्धाश्रमात आपल्या म्हाताऱ्या कारागिरांना भेटायला जायचं असतं ना, तिथे मात्र मला काहीच करावं लागायचं नाही. तिथे सगळेच एकमेकांना तेच तेच विचारत, सगळेच तेच तेच सांगत, आणि रोलंड तासभर सुखाने गप्पा मारून यायचा. तुझ्या वर्षी तिथली भेट कधी चुकवू नकोस. त्यांना केक नको असतो, बसणारं माणूस हवं असतं.

पाहुण्या बायकांच्या वतीने आभाराचं भाषण आपल्याला करावं लागतं, ते मी लांबवत गेले, म्हणजे त्याचं आखूड राहिलं तरी चालेल. कुणी त्याला प्रश्न विचारला की उत्तर मीच द्यायची. एकदा बायकांच्या खोलीत मी आतल्या बाजूला होते आणि बाहेर आरशाशी कुणीतरी म्हणालं, "ही पेटिफर बाई नुसती पुढे पुढे करते. मास्टर तो आहे की ही?" दुसरी म्हणाली, "अगं, धक्क्यावर आरडाओरडा करून माल विकायची सवय." आणि दोघी खदखदून हसल्या. तुला खरं वाटणार नाही, पण मी आत उभी राहून देवाचे आभार मानले. मला हसताहेत ना, हसू देत. त्याला कुणी हसत नाहीये.

आता गेल्या आठवड्यातल्या मेजवानीतल्या प्याल्याविषयी. ते लिहायला बसल्यावर मघापासून मी दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. ती रीत तुला नव्याने सांगायला नको. दोन कानांचा तो चांदीचा प्याला फिरतो, तेव्हा पिणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून समोरचा झाकण धरतो आणि मागचा पिणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो, कुणी मागून सुरा खुपसू नये म्हणून. पिऊन झालं की प्याला समोरच्याला द्यायचा, आणि आपण वळून त्याची पाठ राखायची. पहिला घोट मास्टरचा. त्याच्या मागे मी, आणि समोर झाकण धरून तू. सगळ्या वर्षात ही एकच जागा अशी होती, की मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी भिंतीकडे बघत उभी. पाठीला त्याची पाठ लागलेली. मला कळलं की तो प्यायला, कारण त्याचे खांदे वर झाले आणि खाली आले. मग काहीच होईना. हॉलमध्ये सगळे हळूहळू गप्प होत गेले, आणि त्या शांततेत त्याचा आवाज आला, अगदी अदबीने: "बाईसाहेब, माफ करा हं, हे कुणाचं आहे? मी चुकून उचललेलं दिसतंय."

मला वळता येत नव्हतं. वळले असते तर सगळ्यांना कळलं असतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही. आणि मग तुझा आवाज आला. तू मोठ्याने हसलीस आणि म्हणालीस, "अहो मास्टर, तुम्ही तर माझी चेष्टाच चालवली आहे! आणा तो इकडे, मला घसा ओला करू दे!" सगळे हसले. त्याला नाही, त्याच्याबरोबर. मग मला जाणवलं की कुणीतरी त्याला हळूच कोपराला धरून वळवलं, आणि वळला तो थेट माझ्याकडे. मीही मान वळवली. तुझी पाठ राखायला तो उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मॉयरा, त्याला कळलं होतं. आपल्या हातून काय झालं ते त्याला नीट कळलं होतं.

त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला होता. आमचं गुपित तुझ्या हाती लागलं म्हणून, आणि माझं काम तू माझ्यापेक्षा सफाईने केलंस म्हणून. खाली कोट घेताना तू मला तो प्रश्न विचारलास, तेव्हाही तो राग पोटात होताच, म्हणून तर मी तुला ते बुटांचं उत्तर दिलं. आता नाही राहिला. तू लायोनेललाही काही बोलली नाहीस हे गिल्डच्या चिटणिसांच्या बोलण्यावरून कळलं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

शुक्रवारी सकाळी रोलंड कारखान्यात बसला होता. दार उघडं, बाहेर ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या. फारा दिवसांनी त्याचं डोकं अगदी लख्ख होतं. मला म्हणाला, "बस." मी बसले. म्हणाला, "मी सोडतोय, हेझल." मी म्हटलं, "काय सोडतोयस?" म्हणाला, "वेड पांघरू नकोस. खुर्ची." मी त्याला समजावलं, मग भांडले, मग रडले. म्हटलं, "एवढं ओढलं रे आपण, आता ऑक्टोबरपर्यंतच तर न्यायचंय. मी आहे ना डाव्या हाताला." तर म्हणाला, "तू आहेस म्हणून तर इथवर आलो. मला ठाऊक आहे तू काय काय करतेस ते, तुला वाटतं तेवढा मी गेलेलो नाही. पण ऑक्टोबर तुझ्या कॅलेंडरात आहे गं. माझ्या कॅलेंडरात काय आहे कुणास ठाऊक. त्या खुर्चीत बसलेलो असताना, आपण कुठे बसलोय हे मला कळेनासं होईल, त्याच्या आत मला उठायचंय. ज्यांचा निरोप घ्यायचा ती माणसं ओळखू येताहेत तोवर निरोप घेऊ दे."

मी त्याच्या हातातली सुई काढून ठेवली. दुपारी त्याने स्वतः फोन करून चिटणिसांना सांगितलं. टॉलिव्हरसाहेब जुने आरमारी गृहस्थ, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मास्टर."

तर मॉयरा, कारण हे आहे. येत्या गुरुवारी सभा भरेल, तिथे रोलंड आपल्या गळ्यातली मास्टरची साखळी काढून लायोनेलच्या गळ्यात घालेल, आणि मी माझं पदक तुला लावेन. चिटणिसांचा फोन लायोनेलला बुधवारी येईल, पण तुला ते नवऱ्याकडून कळावं असं मला वाटलं नाही. मास्टरच्या बायकोचं काम तुला आता ऑक्टोबरात नाही, गुरुवारपासूनच करायचं आहे, आणि पहिलं काम मीच सांगते. सभेनंतर रोलंड दाराशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेणार आहे. त्याने मला निक्षून सांगितलंय की डाव्या हाताला कुणी नको. जी नावं घ्यायची ती तो स्वतः घेणार. तेव्हा तू सगळ्यांना सांगून ठेव, तुझं ऐकतील ते. त्याला आठवायला वेळ लागला तर थांबायचं. कुणी मधे बोलायचं नाही, कुणी आपलं नाव सुचवायचं नाही. तो चुकीच्या नावाने बोलला, तर त्या दिवसापुरतं तेच आपलं नाव समजायचं, हात दाबायचा आणि पुढे जायचं. ऑड्रेलाही सांग. आणि मला शोधू नकोस. मी तुमच्या सगळ्यांच्या मागे, त्याच रांगेत शेवटी उभी असेन.

तुझीच,
हेझल